अंजनाबाईंच्या दोन ओळी

कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, त्यात तात्यासाहेबांची दरबारची नोकरीही विलीन झाली. रिकामा माणूस गावाला जड जातो, म्हणून शाहूपुरीतल्या व्यापाऱ्यांनी त्यांच्या हाती एक वाचनालय दिलं. पुस्तकं थोडी होती आणि वाचणारे त्याहून थोडे. बाहेरच्या फळ्यावर मात्र सदा गर्दी असे, कारण त्यावर गुळाचे भाव लिहिलेले असत. भावांखाली कुस्त्यांच्या जोड्या आणि निधनवार्ता. उरलेल्या जागेत तात्यासाहेबांनी एक नवी टूम काढली. दाराशी गुळाचा रिकामा डबा ठेवला आणि जाहीर केलं, की कुणाला शास्त्राची काही शंका असेल तर चिठ्ठीवर लिहून टाकावी, गुरुवारी फळ्यावर उत्तर मिळेल. उत्तर दोन ओळींचं. तिसरी ओळ लिहायला गेलं तर मयताच्या अंगावर जाई.

उत्तरं लिहायला त्यांनी अंजना मगदूम यांना धरलं. अंजनाबाई मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत आणि बी.एस्सी. झालेल्या होत्या. वयाची पंचविशी उलटली होती आणि लग्न झालेलं नव्हतं. या तिन्ही गोष्टी गाव एका दमात सांगे, जणू एकीतून दुसरी आपोआप निघते.

दोन ओळींचा बाईंना काहीच त्रास झाला नाही. दूध उतू जातं, मग पाणी का जात नाही? दुधावर साय धरते, तिच्याखाली वाफ कोंडते आणि सायीला घेऊनच बाहेर पडते. थंडीत विहिरीचं पाणी ऊन का लागतं? पाणी तसंच असतं, आपण गारठलेले असतो. कांदा चिरताना डोळ्यांना पाणी का येतं, ही शंका आली तेव्हा जरा अडचण झाली, कारण मगदुमांच्या जैन घरात कांदा शिरत नसे. बाई शेजारच्या शालूबाईंच्या स्वयंपाकघरात गेल्या, तिथं कांदे चिरून मनसोक्त रडल्या आणि उत्तर लिहून मोकळ्या झाल्या. हाताच्या वासावरून वहिनींनी घरात आठवडाभर पुरेल इतकं ऐकवलं.

तोंडी विचारलं तरी बाई तितक्याच चटकन सांगत. प्रश्न संपायच्या आत उत्तर तयार. विचारणारा "अस्सं व्हय" म्हणे आणि चालता होई. या चटकन सांगण्यात आपलं काही नुकसान आहे, हे बाईंना अण्णाप्पा चौगुले येईपर्यंत कळलं नव्हतं.

अण्णाप्पा जयसिंगपूरकडचा. घरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ. गुरुवारी सौद्याला गूळ घेऊन यायचा, अडत्याकडचं काम आटोपलं की फळ्यावर भाव ताडून बघायचा, आणि दिवस मावळायच्या आत घरी जेवायला पोचायचं म्हणून मिरजेची दुपारची गाडी धरायचा. एकदा भाव वाचता वाचता त्याची नजर खाली घसरली. बाई तेव्हा फळ्याशीच उभ्या होत्या. त्यानं विचारलं, "बाई, पावसाळ्यात गूळ पाघळतो, त्यो का?"

"हवेतली ओल ओढून घेतो. कोठी बंद ठेवा, वारंवार उघडू नका."

"अस्सं व्हय," अण्णाप्पा म्हणाला आणि स्टेशनाकडे गेला. बाई खडू हातात धरून त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. उत्तर बरोबर होतं. पण त्यात त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं.

पुढच्या गुरुवारी त्यानं विचारलं, की काकवी गार झाली की घट्ट का होते. बाईंना ठाऊक होतं. तरी त्या म्हणाल्या, "बघून सांगते. पुढच्या गुरुवारी या."

आत बसलेल्या तात्यासाहेबांनी चष्मा वर केला. अण्णाप्पा गेल्यावर काळजीनं म्हणाले, "बाई, तब्येत बरी न्हाई का? ताप-बीप?"

तेव्हापासून जयसिंगपूरच्या शंका अवघड होत गेल्या. शाळेत दहा वर्षांच्या मुलीलाही सांगता येईल अशा गोष्टींसाठी बाईंना आठवडा लागू लागला. पावसाळा त्यातच गेला. गुरुवारी बाई चांगलं पातळ नेसून येत आणि भाव लिहून होईपर्यंत डब्यातल्या चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा चाळत. अण्णाप्पाही आता जरा रेंगाळे. एकदा त्यानं कोठीतल्या ढेपेचा तुकडा पळसाच्या पानात बांधून आणला आणि ढेपेच्या आतला रंग बाहेरच्यापेक्षा वेगळा का, हे दाखवायला आणलाय म्हणाला. रंग दोन्हीकडे सारखाच होता. दोघांनी तो बराच वेळ पाहिला.

दिवाळीच्या सुमारास मात्र तो आला तो फळ्याकडे न बघताच थेट आत आला.

"बाई, एक शंका हाय. मामाच्या पोरीशी लगीन केलं की लेकरं अधू निपजत्यात म्हणं. खरं काय?"

बाईंच्या ओठावर आलेलं उत्तर तिथंच थांबलं. मग अण्णाप्पाकडून थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. त्याचा मामा उचगावचा. त्याची मुलगी नंदिनी लग्नाला आली होती. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, आणि हक्क सोडणं म्हणजे मामाचं तोंड काळं करणं. अण्णाप्पानं नाही म्हणून पाहिलं होतं. अव्वा, म्हणजे त्याची आई, ऐकून घेत नव्हती.

"ती कुणाचंच ऐकत न्हाई," अण्णाप्पा म्हणाला. "फकस्त तुमच्या फळ्याचं ऐकती. कोठी बंद ठेवली अन् गूळ टिकला, तवापासनं फळ्यावरचं म्हंजी शेवटचा शब्द. तुम्ही लिवा. मी तिला हितं घिऊन येतो."

"तुम्हाला काय उत्तर पाहिजे?"

तो म्हणाला, "मला काय पायजे ते शास्त्रात बसतंय का बघा."

बाईंनी त्या आठवड्यात कॉलेजातलं जुनं पुस्तक काढलं. ते त्यांना पाठ होतं, तरी काढलं. जवळच्या नात्यात एखादा दोष दडून असेल तर तो मुलांत उघडा पडण्याचा धोका वाढतो. घराणं निरोगी असेल तर बहुतेक मुलं धडधाकट होतात. चौगुल्यांच्या घरात कुणी अधू आहे का, हे त्यांनी अण्णाप्पाला तेव्हाच विचारलं होतं. आजा, बाप, तिघेही काका, सगळ्यांच्या बायका मामाच्याच मुली. आणि सगळे पन्नाशीतही ढेप खांद्यावर घेऊन चालणारे, असं त्यानं सांगितलं होतं. सांगताना तो दारात उभा होता आणि चौकटीखालून त्याला वाकावं लागत होतं. याहून मोठा पुरावा पुस्तकात नव्हता.

गुरुवारी बाई खडू घेऊन फळ्याशी गेल्या आणि पहिली ओळ लिहिली: जवळच्या नात्यात लग्न केल्यास घराण्यातला दोष मुलांत उतरण्याचा धोका वाढतो. मग थांबल्या.

तात्यासाहेब बाहेर आले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण रिकाम्या माणसाला दिसतं फार. त्यांनी ओळ वाचली, वर भावांकडे पाहिलं आणि म्हणाले, "आज एकच ओळ पुरे की, बाई. भाव चढल्यात. मला जागा लागंल."

बाईंना ती ओळ खोटी वाटत नव्हती. तिच्यातला शब्द न् शब्द खरा होता. तात्यासाहेब हातात खडू घेऊन थांबले होते. भाव चढलेले नव्हते.

"नाही," बाई म्हणाल्या. "जागा माझी आहे." आणि त्यांनी दुसरी ओळ लिहिली: पण घराणे निरोगी असेल, तर बहुतेक मुले धडधाकटच होतात.

मग त्या आत जाऊन कपाटामागे बसल्या. थोड्या वेळानं बाहेर जुन्या चपलांचा आवाज आला. अव्वाला अक्षर येत नव्हतं. ती म्हणाली, "वाच बघू, काय लिवलंय बाईनं."

अण्णाप्पानं पहिली ओळ वाचली. बाईंनी कपाटाची कड धरली. अव्वाला वाचता येत नाही, हे आठवडाभर त्यांच्या मनातही आलं नव्हतं. त्यानं आता थांबावं. त्यांना लिहिणं भाग होतं. वाचणं त्याला भाग नव्हतं. त्यानं फक्त एवढंच म्हणावं, की झालं, संपलं, इतकंच लिहिलंय. बाईंनी आयुष्यात कशासाठी इतका जीव गोळा केला नव्हता.

अण्णाप्पा खाकरला. त्यानं दुसरी ओळ वाचली. "धडधाकटच" या शब्दावर त्याचा आवाज जरा बसला, पण त्यानं तोही वाचला.

"मंग झालं की," अव्वा म्हणाली. "बाईनं लिवलंय म्हणल्यावर काय ऱ्हायलं?" ती मुद्दाम आत आली, बाईंच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि त्यांच्या मोकळ्या गळ्याकडे बघून हळहळली. "एवढी शिकलीस, म्हणून ऱ्हायलं बघ तुझं."

अण्णाप्पा दारातच होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही लिवलं हुतं. वाचाय लागलं."

"हो," बाई म्हणाल्या. एरवी चटकन सुचणाऱ्या त्यांना एवढंच सुचलं.

मार्गशीर्षात लग्न झालं. पुढच्या हंगामापासून चौगुल्यांचा गूळ सांगलीच्या बाजारात जाऊ लागला. तिथं भाव बरा होता, असं तात्यासाहेब म्हणत. फळ्यावर उत्तरं चालू राहिली, शंकाही येत राहिल्या, आणि बाई पुन्हा पूर्वीसारख्या चटकन सांगू लागल्या. तात्यासाहेबांना ते काही फारसं बरं लक्षण वाटलं नाही.

दर हिवाळ्यात बाई शाळेतल्या मुलींना सहलीला मिरजेला नेत. गाडीत मुलींच्या शंकांना ऊत येई. झाडं मागं का पळतात, रूळ उन्हानं लांबतात का, शिट्टी लांबून बारीक का ऐकू येते. एकीचा प्रश्न संपायच्या आत बाईंचं उत्तर आलेलं असे. फक्त जयसिंगपूरला गाडी उभी असेपर्यंत त्या फलाटाकडच्या खिडकीशी बसलेल्या असत, आणि तेवढा वेळ कुणाच्याच शंकेला उत्तर मिळत नसे.