उलटलेल्या जीपची उत्तरपूजा

लग्न होऊन मी निमगाव सावाहून ओतूरला आले, तेव्हा सासरच्या अंगणात तुळस एक आणि मोडक्या जीपगाड्या तीन होत्या. आमच्या मालकांचा धंदाच तो. लिलावात अपघातातल्या गाड्या घ्यायच्या, ट्रकवर घालून घरी आणायच्या आणि खोलून एकेक भाग विकायचा. नव्वदच्या दशकात आमच्याकडं एसटी जिथं पोचत नसे तिथं जीप पोचायची, त्यामुळं गिऱ्हाइकाला तोटा नव्हता. तोटा होता तो माझ्या कुरडयांना. त्या वाळत घालायला जागाच उरली नव्हती, आणि बॉनेटवर घातल्या तर ग्रीसचा वास लागे.

हौसेनं मीही दोन-चारदा लिलावाला गेले. बाकीचे व्यापारी थेट इंजिनात डोकं घालत. आमचे मालक आधी तिथल्या वॉचमनला चहा पाजत आणि एकच विचारत, "माणसं वाचली का?" वाचली नसतील तर गाडी कितीही चांगली असो, ते बोली लावत नसत. वाचली असतील तर वाकून गाडीचं पोट बघत. उलटलेली जीप त्यांच्या फार आवडीची. टप चेपलेला, काचा फुटलेल्या, पण खाली गिअरबॉक्स शाबूत. डोकं गेलेलं चालेल, पोट धड पाहिजे, असं ते म्हणत. मला बघायला आलात तेव्हाही हेच बघितलंत का, असं मी एकदा विचारलं. ते शहाण्यासारखे पुन्हा गाडीखाली वाकले.

एका वर्षी ऐन नवरात्रात अशीच एक जीप आली. वऱ्हाड घेऊन जाताना उलटली होती, पण खरचटण्यापलीकडं कुणाला काही झालं नव्हतं. तिची बातमी लागून डिंभ्याच्या वरच्या वाडीतला एक जीपवाला आमच्याकडं आला. त्याच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला होता आणि मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले होते. वाडीला एसटी आली तर आली, आणि तिच्या कळा काही एसटीची वाट बघणार नव्हत्या. आमची हत्यारं तेव्हा खंडेनवमीच्या पूजेला मांडलेली. दसरा होईपर्यंत पान्याला हात लावायचा नाही, ही रीत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी या, असं मालकांनी त्याला सांगितलं.

दसऱ्याला आम्ही दोघं सोनं वाटायला बाहेर पडलो, आणि सासूबाईंनी मागं घोळ घातला. आमच्याकडं पूजा चालत्या गाडीची होते, मोडीची नाही. पण ही माणसं राखणारी लक्ष्मी, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी त्या चेपलेल्या जीपला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि पुढं नारळ फोडला. गिअरबॉक्स कुणाला कबूल केलाय हे त्यांना माहीतच नव्हतं.

सकाळी जीपवाला टेम्पो घेऊन हजर झाला. आमच्याकडच्या मेकॅनिकनं पाना उचलला आणि हार बघून परत ठेवला. काल पुजलेल्या गाडीवर आज घण घालायचा नाही, असं तो म्हणाला. मालकही डोकं खाजवत उभे राहिले. जीपवाल्याचा तर चेहराच उतरला.

"पुजलेल्या गाडीचं काळीज काढून माझ्या गाडीत घालू? तिच्यातनंच पोरीला न्यायचंय, भाऊ. मला न्हाई धीर व्हत."

दुसरा गिअरबॉक्स आमच्याकडं नव्हता. पुढचा लिलाव कधी, कुणास ठाऊक. मी सासूबाईंवर मनातल्या मनात चरफडत होते, आणि त्या उंबऱ्यात बसून रडवेल्या झाल्या होत्या. त्यांना तसं बघून माझाच राग ओसरला. मी पाणी घेऊन गेले, तर त्यांनी दहीपोहे कालवायला सांगितले. मला वाटलं म्हातारी चळली.

"गणपती पुजतो आपण, मंग इसर्जन करत न्हाई का?" त्या उठत म्हणाल्या. "उत्तरपूजा करून जागेवरनं हलवायचा. हिलाबी हलवा."

सासूबाईंनी बॉनेटवर अक्षता टाकल्या, दहीपोह्यांचा नैवेद्य दाखवला, हार उतरवला आणि आम्हाला ढकलायला सांगितलं. देवाची मूर्ती दोन बोटांनी हलते. ही जीप बसक्या टायरवर गाळात रुतल्यासारखी उभी होती. मालक, मेकॅनिक, जीपवाला, टेम्पोवाला आणि पदर खोचून मी, सगळे भिडलो. ती कुरकुरली आणि वीतभर सरकली. पुरे, असं सासूबाई म्हणाल्या. मेकॅनिकच्या तोंडून सवयीनं 'पुढच्या वर्षी लवकर या' निघून गेलं, तेव्हा मालकांनी त्याला दटावलं. जीपवाला मात्र हसला, आणि पाना त्यानंच उचलून मेकॅनिकच्या हातात दिला. दुपारपर्यंत गिअरबॉक्स टेम्पोत चढला. सासूबाईंनी त्याच्यावर झेंडूचं एक फूल ठेवलं.

त्यानंतर बरेच दिवस काही कळेना. वाडीत फोन कुठला. मालक लिलावाला गेले आणि काही न घेता परतले. सासूबाई दर जेवणाला एकदा तरी डिंभ्याचा विषय काढत. गिअर पडला असेल का, वेळेवर पोचले असतील का, हेच मीही भाकरी थापताना मनात घोळवत असे.

मग एका बाजारच्या दिवशी दारात जीप थांबली. तो उतरला, दाढी वाढलेली, बगलेत तांदळाची पिशवी. सासूबाई जागच्या उठल्या, पण त्यांना विचारायचा धीर होईना. मालक पुढं झाले आणि वॉचमनला विचारत तेच त्यांच्या तोंडून निघालं.

"माणसं वाचली का?"

"दोघी," तो म्हणाला. "घोडेगावच्या दवाखान्याच्या दारापत्तुर गाडीनं कुटंबी दगा दिला न्हाई."

मला रडू आलं. सासूबाईंनी आधी त्याच्यावरून आणि मग त्याच्या जीपवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि मी त्याच नव्या तांदळाचा भात टाकला.