अविधवा नवमीची बदकं

माझ्या बायकोच्या श्राद्धाला शेकडो पाहुणे आले आणि त्यांत माणसं, मला धरून, फक्त चार होती.

कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये आमची हयात गेली. मी इंजिनिअर, म्हणजे देवाधर्माला नाक मुरडणारा आणि प्रसादाच्या रांगेत सगळ्यांत पुढे असणारा. सुधाला देवही आवडायचे आणि रानबदकंही, या दोघांनंतर माझा नंबर लागायचा (असं ती म्हणायची. मी तो विनोद समजून हसायचो!). शहराबाहेरच्या पाणथळीत शिकारीचा सीझन उघडण्याआधी, दर सप्टेंबरला, बदकांची मोजणी होते. सुधा रिटायर झाल्यापासून तिथे व्हॉलंटिअर होती आणि तिचा जोडीदार होता डग. रिटायर्ड डेंटिस्ट आणि हाडाचा शिकारी! एकाच बाकावर बसून दोघं तीच बदकं मोजायचे. ती जपण्यासाठी आणि तो मारण्यासाठी.

“डग, तू बदकं मोजत नाहीस, मेनूकार्ड वाचतोस,” सुधा म्हणायची.

“मी सोडतो तीच तर तू पुढच्या वर्षी मोजतेस!”

“एक वर्ष. फक्त हा एवढा कोपरा सोड. इथे बंदूक नको.”

“माझा बेस्ट स्पॉट? नो वे, सुधा!”

दर वर्षी हेच. मग दोघं थर्मासमधला आल्याचा चहा प्यायचे आणि मी गाडीत बसून पेंगायचो.

ती गेली ऐन फेब्रुवारीत. दहाव्याला कावळा शिवला नाही. शिवणार कुठून? बाहेर पिंडाचा दगड झाला होता. झूमवरचे गुरुजी म्हणाले, “दर्भाचा कावळा करा आणि लावा.” मी केला, लावला, विषय संपवला. पण आमच्या मुक्ताने ते मनाला लावून घेतलं. मुक्ता आमची एकुलती एक, नॉर्थ यॉर्कला कॉन्डोत राहते. तिला मराठी सगळं कळतं, पण तिचं उत्तर येतं इंग्लिशमध्ये.

“बाबा, शी वॉन्टेड समथिंग. आईचं काहीतरी राहिलंय. यू मस्ट नो!”

मी थट्टेवारी नेलं. पण खरं सांगायचं तर मलाही ते आत कुठेतरी टोचत होतं. जिच्याबरोबर जन्म काढला, तिला शेवटी काय हवं होतं, हे मला सांगता येत नव्हतं.

सवाष्ण गेलेल्या बाईचं श्राद्ध अविधवा नवमीला. वर्षश्राद्धानंतरच्या पितृपक्षात मुक्ताने जाहीर केलं की यंदा खरा कावळा हवा. माझ्या बिल्डिंगमध्ये बाल्कनीत पक्ष्यांना दाणा टाकायची बंदी, म्हणजे पान ठेवायचं कुठे? तेवढ्यात डगचा फोन आला. त्याच दिवशी बदकांची मोजणी होती आणि बाकावरची सुधाची जागा रिकामी होती. “येतोस?” त्याने विचारलं. मला बदकांचे दोनच प्रकार माहीत. उडणारं आणि न उडणारं. तरी मी हो म्हटलं. तिथे कावळेही असतात, एका फेरीत दोन्ही कामं उरकतील, असा माझा इंजिनिअरी हिशेब!

मुक्ता सकाळी आली ती फॉइलचा भलाथोरला ट्रे घेऊन. काठोकाठ दहीभात, वर काळे तीळ. शिवाय वडे, खीर आणि इंडियन ग्रोसरीतलं फ्रोझन केळीचं पान.

“अगं, कावळा एक आहे!”

“रेसिपीत सर्व्हिंग्ज दिलेच नव्हते, बाबा!”

डग बाकावर बसला होता, त्याच्यासमोरच काठावर आम्ही पान मांडलं. पानावर मावेना म्हणून उरलेला भात आजूबाजूला ठेवला. समोरच्या वठलेल्या झाडावर एक कावळा बसला होता. मी विंडचीटरवर उपरणं घेऊन हात जोडले. कावळ्याने एकदा बघितलं आणि पाठ फिरवली.

“प्रॉमिस समथिंग,” मुक्ता कुजबुजली.

“सुधा, बीपीची गोळी वेळेवर घेईन.” कावळा ढिम्म. “तुझा कढीपत्ता विंटरमध्ये जगवीन.” ढिम्म! “मुक्ताला लग्नावरून बोलणार नाही.” यावर मुक्ताने जोरात मान हलवली, कावळ्याने नाही.

आणि मग बदकं आली. आधी दोन, अंदाज घेत. त्यांनी बहुतेक घरी कळवलं असावं, कारण पाठोपाठ थवेच्या थवे उतरू लागले. भातावर तुटून पडले. एकाने अख्खा वडा पळवला, त्याच्यामागे दहाबारा धावली. मी उपरणं झटकून “हुश्श! हुश्श!” केलं, तर आणखी जवळ आली. पंगतीत मी आग्रह करतोय, असा त्यांचा समज झाला असणार.

“मोज ना!” डग ओरडला.

मी सुधाची दुर्बीण डोळ्यांना लावली. सगळं धूसर. “ते चाक फिरव, फोकस कर,” डग म्हणाला. मी नाही फिरवलं. ते चाक शेवटचं तिच्या बोटांनी फिरवलं होतं. आता ते मी हलवलं की तिचं तेही गेलं. मग मी तसाच बघत बसलो, आणि मला दिसलेल्या ठिपक्यांना बदकं म्हणत राहिलो.

तेवढ्यात डगचा फोन वाजायला लागला. पाणथळीच्या दुसऱ्या टोकाचे व्हॉलंटिअर विचारत होते, आमची बदकं गेली कुठे? डगने शांतपणे सांगितलं, “इकडे जेवायला बसलीत.” सगळ्या पाणथळीची मोजणी आमच्या दहीभाताने बुडवली होती! थोड्या वेळात वनखात्याची व्हॅन धूळ उडवत आली. तिच्या आवाजाने सगळी बदकं एकदम उडाली. उतरलेल्या ऑफिसरने उरलेला भात बघितला, मग माझं उपरणं बघितलं.

“सर, हा भात कुणाचा?”

“माझ्या बायकोचा.”

“त्या कुठे आहेत?”

“वारली.”

“मग... हा इथे ठेवला कुणी?”

“आम्हीच. तिच्यासाठी. पण खायचा कावळ्याने.”

“आणि बदकं?”

“ती आगंतुक, ऑफिसर!”

मुक्ताने पुढे होऊन सगळं समजावलं. ऑफिसरने टोपी काढली. मग म्हणाला, “आय ॲम सॉरी फॉर युअर लॉस. तुम्हाला फक्त वॉर्निंग देतो. पण सीझनच्या तोंडावर असं खाद्य टाकलं की ते बेटिंग, म्हणजे शिकारीसाठी आमिष, धरतात. ओपनिंग डेला या कोपऱ्यात कुणालाच बंदूक चालवता येणार नाही.”

“पण हा माझा बेस्ट स्पॉट आहे!” डग ताडकन उठला.

“सॉरी, सर. नियम आहे.”

डग मटकन खाली बसला. बाकाच्या त्याच्या टोकाला, सुधाची जागा सोडून. आधी त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं चिडलाय. पण तो हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. “ओके, सुधा,” तो त्या रिकाम्या जागेला म्हणाला. “यू विन.”

कावळा झाडावरून उतरला. पानाशी आला, मान वाकडी करून भाताकडे बघितलं आणि चोच घातली.

मुक्ताने माझा हात घट्ट धरला. “आईचं झालं, बाबा,” ती म्हणाली. चक्क मराठीत.

आता माझ्यासारखा माणूस म्हणेल की व्हॅनच्या आवाजाने बदकं उडाली, जागा मोकळी झाली म्हणून कावळा आला. असेलही. पण तिला काय हवं होतं ते ती दर वर्षी, माझ्यादेखत, मोठ्याने सांगत होती आणि मी गाडीत पेंगत होतो. मी ढसाढसा रडलो. एका डेंटिस्टसमोर, आ वासून!

कावळ्याला दिलेली वचनं फुकट गेली, पण मुक्ताने ती ऐकली होती. त्यामुळे गोळ्या चालू आहेत, कढीपत्ता जिवंत आहे आणि लग्नाचा विषय बंद आहे. डगने आपलं शिकारीचं लपण पलीकडच्या काठाला हलवलंय. तिकडे वारा बरा असतो, म्हणे. यंदाही मोजणीला मी त्याच बाकावर होतो, तीच दुर्बीण घेऊन. माझा आकडा ऐकून डगने कपाळावर हात मारला. “फोकस कर रे बाबा, तू प्रत्येक बदक दोनदा मोजतोयस!”

मी म्हटलं, राहू दे. तिला ती कितीही असली तरी कमीच वाटायची.