जगन्नाथरावांची थाई मावशी

आखातातल्या हमरिया फ्री झोनमध्ये जगन्नाथ पेठ्यांचा मसाल्यांचा कारखाना आहे. समोरच्याला नात्यात ओढल्याशिवाय या गृहस्थाला धंदा जमत नाही. कस्टम्सचा फहद त्यांचा 'भाईजान', नेपाळी वॉचमन 'दाजू', म्हणजे दादा.

सात थाई रेस्टॉरंटांची मालकीण सुदाबाई मिरचीची पेस्ट बघायला येणार म्हटल्यावर गडी ट्रॅफिकमध्ये बसल्या बसल्या व्हिडिओवरून थाई शिकायला लागला. पेस्टसाठी आणलेलं मशीन दोन महिने प्लास्टिकमध्ये गुंडाळून पडलं होतं. ही ऑर्डर हुकली, तर ते परतच करावं लागणार होतं.

सुदाबाई आल्या. पंचेचाळिशीच्या, उंच टाचांच्या, टापटीप. बावन्न वर्षांच्या जगन्नाथरावांनी हात जोडून त्यांना 'पा' म्हटलं. बाई हसून 'माय पेन राय' म्हणाल्या, म्हणजे काही हरकत नाही. मग काय, स्वारीला चेवच आला. खुर्ची देताना पा, पेस्ट चाखवताना पा, निरोप घेताना तर दोनदा पा. बाई दर वेळी हसल्या. घरी येऊन यांनी जाहीर केलं, खलास, ऑर्डर आपली.

दहा दिवस फोन नाही. मेसेज केला की नुसतं 'थँक यू, वुई विल सी.'

शेवटी अल नहदाच्या राहत्या फ्लॅटमध्ये बायकोनं, सुचित्रावहिनींनी, उलटतपासणी घेतली.

"पा म्हणजे काय हो?"

"मावशी. आईची थोरली बहीण. रिस्पेक्ट असतो त्यात."

वहिनींचे कणकेतले हात थांबले. "लिफ्टमध्ये तो शेजारचा, माझ्याच वयाचा सत्यजित मला काकू म्हणाला, तेव्हा मी काय म्हटलं?"

"काही हरकत नाही म्हणालीस. हसलीस पण."

"आणि गणपतीला त्याला आमंत्रण गेलं का?"

जगन्नाथरावांचा चेहरा उतरला. दुसऱ्याच दिवशी ते पेस्टची बरणी घेऊन बाईंच्या रेस्टॉरंटात हजर झाले. खुलासा करायचा नाही, वयाचा विषय काढायचा नाही, अशी घरून सक्त ताकीद होती. त्यांनी निमूट 'पी सुदा' म्हटलं. पी म्हणजे ताई. बाईंनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं, खदखदून हसल्या आणि तिथल्या तिथे ऑर्डरवर सही केली.

मग त्यांनी किचनमधल्या सगळ्यांना बाहेर बोलावून ओळख करून दिली. हे आपले 'लुंग'. म्हणजे आईचे थोरले भाऊ. चौदा जणांनी वाकून नमस्कार केला.

मशीन आता दोन पाळ्यांत चालतं. माल पोचवायला मात्र जगन्नाथराव ड्रायव्हर मिथुनला पाठवतात.