बारा वर्षं चाललेली ओळ

नझीहा केरकेन्ना बेटावरची, कोळ्याची मुलगी. समोरच्या किनाऱ्यावर, स्फाक्स शहरातल्या आमच्या कारखान्यात रुग्णाच्या शिरेत मोजून औषध सोडणारे पंप बनतात. ते चालवणारा प्रोग्राम सी या संगणकभाषेत लिहिलेला; कंपायलर तो यंत्राच्या भाषेत उतरवतो. तो प्रोग्राम तपासणं हे तिचं काम. तिच्या सहीशिवाय एकही खोका बाहेर जात नसे.

त्या मार्चमध्ये ती एका ओळीवर अडून बसली. ओळ बशीरकाकांची, आम्हा सगळ्यांच्या गुरूची. आतापर्यंत दिलेल्या औषधाच्या आकड्यात नवा डोस मिळवायचा. बेरीज आकड्यासाठी ठेवलेल्या जागेत न मावल्यामुळे आधीपेक्षा कमी दिसली, तर पंप थांबवायचा.

"काका, हा दोष आहे," नझीहा म्हणाली. "बेरीज मावली नाही तर काय व्हावं, हे सीच्या नियमांत ठरवलेलंच नाही."

"बारा वर्षं पंप थांबतोय ना? मग दोष कसला? बिघडेल तेव्हा म्हण!"

"थांबतोय ती कंपायलरची मेहेरबानी. उद्या त्याची मर्जी फिरली तर?"

"पोरी, तू फतवे काढणारी मुफ्ती व्हायला हवी होतीस! खाली चाळीस पंप पडून आहेत. कर सही."

तिनं केली नाही. तीन दिवस जेवायला तिच्याजवळ कुणी बसलं नाही. मीही नाही, ते अजून सलतं.

चौथ्या दिवशी सकाळी तिनं त्या चाळिसांतला एक पंप टेबलावर घेतला. औषधाऐवजी पाणी भरलं, दिलेल्या औषधाचा आकडा मुद्दाम काठोकाठ नेला आणि पंप सुरू केला. काका हाताची घडी घालून उभे. पंप थांबलाच नाही. पाणी त्यांच्या बुटांवर सांडलं.

कंपायलर यंदा नवा आणला होता. बेरीज न मावल्यास काय, ते नियमांत नाही; म्हणून तसं कधी होणारच नाही, असं धरून त्यानं ती तपासणीच काढून टाकली होती.

काकांनी घाईनं विचारलं, "हॉस्पिटलांतले पंप?"

"ते जुन्या कंपायलरचे. थांबा, बघू."

गोदामातून जुना पंप आणला. थांबला. दुसराही थांबला, तिसराही. नव्यांतला एकही बाहेर गेला नव्हता.

"अल्हम्दुलिल्लाह!" काकांनी ओंजळीत तोंड लपवलं, हसत होते की रडत, कळेना. "लिही, दोष. माझ्या नावानिशी लिही."

"नाव कशाला, काका? ओळ बदलू या."

बेरजेआधीच जागा उरली आहे का ते पाहायचं; दोन ओळींचं काम. चाचणी झाली आणि दुपारी तिनं सही केली. मग काकांनी सगळ्यांना मासे खायला नेलं. मी मुद्दाम नझीहाशेजारी बसलो.

"तुमच्या स्फाक्सचे मासे शिळेच," असं म्हणत तिनं दोनदा वाढून घेतलं.