वरच्या गावाची तक्रार

फिटरकाकूंनी राज्यातली सगळी गावं पाहिली होती, पण ती नवऱ्याच्या कपड्यांवर. लाल माती निघाली की समजायचं, स्वारी खाणीकडच्या गावाहून आली. पाठीवर पांढरा खार धरला असेल तर समुद्राकडचं गाव. पँटच्या घड्यांत काळी भुकटी सापडली की गिरण्यांचं. नवरा पाण्याचे पंप बसवणाऱ्या कंपनीत फिटर. कुठल्या गावाच्या नळांना पाणी आलं नाही की कंपनीत तक्रार यायची, ती फळ्यावर लिहिली जायची आणि काका पिशवीत पाने-पकडी भरून निघायचे. काकू मागे, कंपनीच्या दोन खोल्यांत, एका लेकीला घेऊन. गावं काकांची, धुणं काकूंचं, अशी सरळ वाटणी होती.

परत आले की काका जेवता जेवता गाव सांगायचे. पहिली परीक्षा पाण्याची. पेलाभर पाणी प्यायचं आणि गावाला पास की नापास ते तिथल्या तिथं ठरवायचं. मग रस्ते, सावली, माणसं गाडीची वाट बघताना भांडतात की गप्पा मारतात, सगळं यायचं. ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाला राज्यातलं एखादं गाव बक्षीस मिळणार आहे आणि हा निवड करतोय. काकू वाढायच्या आणि हुं हुं करायच्या. जो माणूस आठवड्यातले चार दिवस घरात नसतो, त्याला निदान ऐकून तरी घ्यावं, असा त्यांचा हिशेब.

काकांचं लाडकं गाव एकच, वरचं गाव. नाव घ्यायचे नाहीत, नुसतं ‘वरचं’ म्हणायचे. डोंगरावर तळं, तळ्याकाठी पंपघर, आणि पाणी असं गार की दात सणकतात. लग्नानंतर तीनेक वर्षांनी तिथला मोठा पंप बसवायला ते गेले होते आणि अख्खा हिवाळा राहिले होते. शिंप्याच्या दुकानावर खोली, खोलीला खिडकी, खिडकीत तळं. ती खिडकी काकूंना इतकी पाठ झाली होती की डोळे मिटून कडी लावली असती.

पण गंमत बघा. तो पंप काकांनी असा बसवला, असा बसवला की त्या गावाहून पुन्हा कधी तक्रारच आली नाही. आता याला काय म्हणावं? जिथं परत जायला जीव तळमळतो, नेमकं तिथलंच काम माणसानं चोख करून ठेवावं! दर सोमवारी काका फळ्यापुढं उभे राहायचे आणि वरपासून खालपर्यंत वाचायचे. बाकीचे फिटर विचारायचे, काय, आलं का सासुरवाडीचं बोलावणं? काका हसायचे, पण ते हसू घरी येईपर्यंत टिकायचं नाही.

उलट होतं रडकं गाव. घरापासून दीड-दोन तासांवर. पाणी मचूळ, साबणाला फेस नाही, झाड औषधाला नाही, वारा सुटला की तोंडात माती. तिथला पंप म्हणजे जन्माचा रोगी. दोन महिने गेले की तक्रार हजर. साहेब काकांना फैलावर घ्यायचे. राज्यभर तुमचे पंप गुण्यागोविंदानं नांदतात, मग हाच का सारखा माहेरी पळून येतो? काका खाली मान घालून ऐकायचे. घरी येऊन म्हणायचे, त्या गावात राहायची वेळ शत्रूवरसुद्धा येऊ नये.

आणि काकूंचं लाडकं गाव तेच होतं. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही, लेकीलाही नाही. सांगणार काय? रडकं गाव आवडतं म्हटलं तर लोक डोक्यावर हात ठेवून ताप बघतील. पण त्या गावाला गेलेला माणूस संध्याकाळी घरी यायचा. बाकी सगळी गावं नवऱ्याला ठेवून घेत, हे एकटं बिचारं परत पाठवायचं. फळ्यावर ते नाव लागलं की काकू लेकीची वेणी पुन्हा घालायच्या, दिवेलागणीला दोघांचा चहा टाकायच्या आणि दार उघडं ठेवून बसायच्या. चहाला उकळी येते न येते तोच काका दारात. धापा टाकत, हात तेलानं काळे.

वरच्या गावाला मात्र त्या पाण्यात पाहायच्या. सवतीचा राग परवडला. त्या हिवाळ्यात लेक पहिल्यांदा चालली, ते बघायला काका नव्हते. मग तिला ताप भरला, तिला उराशी धरून काकू एकट्या दवाखान्याच्या बाकावर बसल्या, तेव्हाही नव्हते. परत आले तेव्हा लेक अनोळखी माणूस बघून दाराआड लपली आणि रडली. काका खो खो हसले. काकू आत गेल्या आणि नसलेली भांडी घासत बसल्या. त्या रात्री जेवताना खिडकीचं वर्णन झालं. तेव्हाच एक प्रश्न काकूंच्या घशात अडकला, तो पुढं लेकीचं लग्न झालं तरी तिथंच होता.

बघता बघता काकांच्या निवृत्तीचा महिना आला. महिनाअखेर खोल्या सोडायच्या. लेक म्हणाली, दोघं माझ्याकडं या. काका म्हणाले, लेकीच्या घरी माणूस पाहुणा बरा. त्यांचं ठरलं होतं. राहायचं तर वरच्या गावात, जमलं तर त्याच खोलीत. काकू म्हणाल्या, बघू. आता बायकोचं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे नव्या नवऱ्यालाही कळतं. जुन्या नवऱ्याला कळत नाही, कारण त्याला कळून घ्यायचं नसतं.

अशात एका दुपारी काका अवेळी घरी आले. चपला न काढताच आत आले, आणि चेहरा असा की काकू घाबरल्याच.

“आली,” काका म्हणाले. “वरची तक्रार आली.”

इतक्या वर्षांनी त्या पंपाचं बेअरिंग गेलं होतं. काम तीन-चार दिवसांचं. आणि जन्मात पहिल्यांदा काका म्हणाले की तूही चल. खोली बघ, गाव बघ, तिथं ठरवूनच येऊ.

वर चढणाऱ्या गाडीत काकू मनातल्या मनात देव पाण्यात घालून बसल्या होत्या. दुरून डोंगर साजरे, म्हटलं, जवळ गेल्यावर दिसेल काय ते. गाव उकिरड्यासारखं निघू दे. तळं आटलेलं निघू दे. पण कसलं काय! गाव निघालं नवऱ्यानं सांगितलं होतं त्याहून देखणं. दुतर्फा झाडं, बैठी घरं, ओळख नसलेली माणसंही बघून हसतात. स्टँडवरच्या नळाला काकांनी ओंजळ धरायला लावली. पाणी गोड, आणि दात खरंच सणकले. काकूंना रागच आला.

शिंपी आता नव्हता, शिंपीण होती. नाकावर चष्मा, समोर मशीन. तिनं काकांना निरखून पाहिलं आणि ओळखलं.

“तुम्ही ते शीळ घालणारे ना? सकाळ झाली की वरून शीळ सुरू. आमचे हे म्हणायचे, पाखरू ठेवलंय भाड्यानं.”

काका लाजले. काकू बघतच राहिल्या. एवढा संसार झाला, या माणसाला शीळ घालता येते हे त्यांना आज एका परक्या बाईकडून कळत होतं. घरात कधी घातली नव्हती. एकदासुद्धा नाही.

खोली रिकामीच होती. एक तारखेपासून घ्या, शिंपीण म्हणाली. काका धावत जिना चढले, या वयात! खिडकी उघडली आणि बाजूला झाले, जसं काही तळं यांनीच खोदलंय. काकू खिडकीत उभ्या राहिल्या. समोर पाणी, काठाला पंपघर, वर स्वच्छ आकाश. खाली मशीनची खडखड चालली होती. मग घशात अडकलेलं ते एकदाचं बाहेर पडलं.

“या खिडकीत बसून आमची आठवण यायची का हो?”

‘हो’ म्हणायला काय लागतं? शंभरातले नव्याण्णव नवरे म्हणाले असते आणि प्रकरण मिटलं असतं. पण काकांना खोटं जमायचं नाही. ते खाली फरशीवर बसले.

“नाही,” ते म्हणाले. “इथं मला कशाचीच आठवण नव्हती. म्हणून तर तो पंप असा बसला.”

काकूंनी मान हलवली. उत्तर त्यांना माहीतच होतं. पण माहीत असणं वेगळं आणि कानानं ऐकणं वेगळं. त्या तळ्याकडं बघत राहिल्या, कारण दुसरीकडं कुठं बघायचं ते कळेना.

काका आपल्या हातांकडं बघत होते. “अगं, मोटर आणि पंप एका रेषेत आणायचं काम बसून करायचं असतं. मोटरच्या पायाखाली पत्र्याची चकती सरकवायची, आवळायचं, बघायचं, परत सैल करायचं. नखाएवढा फरक राहिला तरी पंप थरथरतो आणि बेअरिंग खातो. त्याला डोकं निवांत लागतं. साहेब विचारायचे ना, रडक्या गावाचाच पंप का बिघडतो? त्यांना काय सांगणार? तिथं माझं सगळं लक्ष संध्याकाळच्या गाडीकडं. ती चुकली की मुक्काम पडणार, आणि तू चहा टाकून बसलेली असणार. म्हणून कसंबसं आवळायचो आणि पळायचो. तिथलं काम मी एकदाही धड केलं नाही.”

हे त्यांनी शरमेनं सांगितलं. फिटरला वाईट कामाची लाज वाटते तशी. आपण काय बोलून गेलो याचा त्या भोळ्या माणसाला पत्ताच नव्हता. काकूंना मात्र हसावं की रडावं कळेना. त्यांनी दोन्ही थोडं थोडं केलं.

“म्हणजे माझ्यापायी अख्खं गाव तहानलेलं राहिलं म्हणा.”

“राहिलं खरं,” काका म्हणाले.

काकूंच्या मनातला सगळा राग उतरला. आता तो धरून तरी कशाला ठेवायचा? या माणसानं आयुष्यभर एकच गाव मागितलं होतं. त्या म्हणाल्या, खोली घ्या. चार दिवस इथं निवांत राहा, बसून काम करा, शीळ घाला. मी संध्याकाळच्या गाडीनं पुढं जाते, घर आवरायला घेते. एक तारखेला येऊ इथंच. काका पाने उचलून पंपघराकडं गेले. काकूंनी हे मनापासून म्हटलं होतं. तरी जिना उतरताना त्यांनी एकदा मागं वळून पाहिलं, ते पाहिलंच.

संध्याकाळी त्या गाडीत बसल्या. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. कंडक्टर दार ओढणार तेवढ्यात कुणीतरी हाका मारत पळत आलं. हात काळे, सदऱ्यावर तेल, एका हातात पाना तसाच.

धापा टाकत काका शेजारी बसले. काकूंनी विचारलं, काम झालं?

“चालू केला,” काका म्हणाले. “थरथरतो थोडा. लक्ष गाडीकडं होतं.”

आणि खोली? शिंपिणीला सांगून आलो, दुसऱ्या कुणाला द्या, काका म्हणाले. मग काकूंच्या पदराला हात पुसल्यासारखं करत हळूच म्हणाले की दोन-तीन महिन्यांत बेअरिंग पुन्हा कुरकुरेल, नव्या फिटरला ते साधणार नाही, मलाच बोलावतील, तेव्हा दोघं येऊ.

“आणि राहायचं कुठं?” काकूंनी विचारलं. उत्तराची वाट न बघता त्याच म्हणाल्या, “रडक्या गावात घर बघा. तिथल्या लोकांचं देणं लागतो आपण. तो पंप एकदा बसून नीट करा.”

“तिथलं पाणी प्यायलीस का कधी?”

“तुम्हीच बिघडवलेल्या पंपाचं ना? पिईन.”

गाडी उताराला लागली. काकूंनी उठून काकांना खिडकीची जागा दिली. प्रत्येक वळणावर तळं दिसायचं, जायचं, पुन्हा दिसायचं, दर वेळी थोडं लहान. काका त्याच्याकडं बघत राहिले आणि काकूंनी त्यांना बघू दिलं. पाना त्यांच्या हातातून घेऊन आपल्या पिशवीत ठेवला. शेवटच्या वळणानंतर तळं दिसेनासं झालं तरी काकांची मान तिकडंच होती.

“शीळ घाला ना,” काकू म्हणाल्या.

काकांनी ओठ जमवले. पुढचे दोन दात गेल्या वर्षीच पडले होते. नुसती हवा आली.

“घाला,” काकू म्हणाल्या, “मला ऐकू येतंय.”