मिम्माचं काळं

आमच्या पुंताकाल्दाच्या किनाऱ्याचं रंगीत कार्ड तंबाखूच्या दुकानात विकायला असायचं. त्याच्या उजव्या कोपऱ्यात एक काळा ठिपका दिसतो. तो ठिपका म्हणजे मिम्मा. फोटो काढणाऱ्याने तिला मुद्दाम घेतलं नव्हतं, पण किनाऱ्याचा फोटो कुठूनही काढला तरी ती त्यात यायचीच. वाळूवर कपडे बदलायच्या लाकडी खोल्या होत्या आणि त्यांच्या किल्ल्या तिच्याकडे असायच्या. उन्हाळाभर ती तिथे खुर्ची टाकून बसायची. अंगात काळा झगा, पायांत काळे मोजे, डोक्याला काळा रुमाल, आणि समोर अख्खं जग अर्ध्या कपड्यांत.

मिलानहून आलेल्या एका बाईने मला एकदा हळूच विचारलं, "यांच्याकडे कोण वारलं हो?"

"कोण नाही वारलं ते विचारा, बाई," मी म्हटलं.

मी काही खोटं सांगितलं नव्हतं. मिम्माचे वडील गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. आमच्याकडे बापाचं काळं तीन वर्षं. अंगणात हंडा चढवायचा, घरातले सगळे कपडे काळ्या रंगात उकळायचे, रेडिओवर चादर टाकायची. कुणाच्या लग्नाला जायचं नाही, स्वतःचं करायचं नाही, आणि समुद्रात तर पाऊलही घालायचं नाही. तिचा गाएतानोशी साखरपुडा झाला होता. बिचारा थांबला. तीन वर्षं संपत आली आणि आजीने डोळे मिटले. आजीचं काळं उतरायला आलं तेव्हा भाऊ ट्रकखाली गेला. गाएतानो तरी किती कळ काढणार? तो तोरिनोला कारखान्यात लागला आणि तिकडचीच मुलगी करून बसला. मी त्याला मनातून खूप शिव्या घातल्या, पण त्याच्या जागी मी असते तर याहून कमीच थांबले असते.

मग आत्या, मग दुसरी आत्या, मग आई. त्या घरात मरण जरा जास्त फिरकत होतं असं नाही, नातेवाईकच उदंड होते. माझ्या माहेरी माणसं मोजकी, म्हणून मी सुटले. मी आणि मिम्मा एकाच गल्लीत वाढलो. लहानपणी दोघी समोरच्या खडकापर्यंत पोहायचो, आणि दर वेळी तीच आधी पोचायची. पुढे मी साव्हेरियोशी लग्न केलं. साव्हेरियोची होडी होती. तो पाहुण्यांना सकाळी घेऊन निघायचा, दोन गुहा, तीन गावं आणि एक डुंबणं करून संध्याकाळी परत आणायचा. आमच्या धंद्यात मी त्या किनाऱ्यावर इतक्यांदा हिंडले की मला कंटाळा आला. मिम्माने शेजारचं गाव समुद्राच्या बाजूने कधी पाहिलं नाही.

साव्हेरियो तिला हाक मारायचा, "मिम्मे, चल की. जागा रिकामी आहे, एक पैसा घेणार नाही."

ती वरच्या खिडकीकडे बघायची. त्या खिडकीत रॉक्कोकाका बसलेले असायचे.

रॉक्कोकाका म्हणजे तिच्या वडिलांचे थोरले भाऊ. स्वतः लग्न केलं नाही, आणि भाऊ गेल्यावर त्या घराचे कर्ते झाले. काळ्याचा हिशेब तेच ठेवायचे. "काळं उतरवायची घाई मेलेल्याला वर कळते," असं ते म्हणायचे. शेजारणीची सून नवऱ्याच्या पश्चात सहा महिन्यांत करडे मोजे घालून चर्चला गेली, तर हा माणूस तिच्या वाटेत थुंकला. गावात त्यांच्यावर माया करणारा एकही माणूस नव्हता, आणि तोंडावर बोलणाराही नव्हता.

ज्या उन्हाळ्यात आपल्या इटलीने फुटबॉलचा विश्वचषक जिंकला त्या उन्हाळ्याची ही गोष्ट. मिम्माच्या आईची तीन वर्षं त्याच ऑगस्टमध्ये भरत होती, मरियेच्या सणाच्या आदल्या दिवशी. म्हणजे सणाच्या दिवशी, पंधरा तारखेला, तिने काळं उतरवायचं. जत्रेच्या बाजारातून तिने निळा पोहण्याचा पोशाख आणून ठेवला होता. मला दाखवला तेव्हा दार लावून, कडी घालून दाखवला. पंचेचाळिशी ओलांडलेली बाई, पण लाजून कानापर्यंत लाल झाली.

"आता कोण उरलंय गं?" मी म्हटलं. "आता कुणी मरायचं नाही."

जुलैच्या शेवटी रॉक्कोकाकांनी अंथरूण धरलं.

मग जे सुरू झालं त्याला तमाशाच म्हणावं लागेल. ज्या म्हाताऱ्याला गाव पाण्यात पाहत होतं, त्याच्यासाठी अख्खं गाव देवाला साकडं घालू लागलं. कोळीण ताजे मासे पाठवायची, पाद्रीबाबा रोज विचारपूस करायचे. किनाऱ्यावर बायका मला गाठायच्या.

"काका टिकतील ना सणापर्यंत?"

"डॉक्टर काय म्हणतात?"

"त्यांना म्हणावं, आजवर इतका त्रास दिलात, आणखी थोडे दिवस द्या."

मिम्मा रात्रंदिवस त्यांच्या उशाशी. त्यांचा घसा ओला करायचा, त्यांना कुशीवर वळवायचं, चादरी बदलायच्या. म्हाताऱ्याला सगळं कळत होतं. मी एकदा रस्सा घेऊन गेले तेव्हा तिला म्हणाले, "मी तुला वाढवलंय. माझं एक वर्ष पाळायचं, समजलं ना? नुसती काळी फीत लावून फिरलीस तर बघ."

"हो, काका," मिम्मा म्हणाली आणि तिने त्यांची उशी नीट केली. मी रश्श्याची वाटी खाली ठेवली.

पंधरा तारीख रविवारी आली. सकाळपासून डोंगराकडच्या गावांतल्या बसेस येऊन उभ्या राहिल्या. भरली वांगी, भाजलेल्या मिरच्या, म्हाताऱ्या आज्यांसह अख्खी कुटुंबं वाळूवर पसरली. पोरांनी कलिंगडं गार करायला पाण्याच्या काठी ओल्या वाळूत पुरून ठेवली. चर्चची घंटा झाली आणि त्यानंतर थोड्या वेळाने मिम्मा घराच्या पायऱ्या उतरून आली. निळा पोशाख, वर एक पांढरा टॉवेल, केस मोकळे. पाय तर इतके पांढरे की बघवेनात, किती वर्षांत त्यांना ऊन लागलं नव्हतं.

किनाऱ्यावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. साव्हेरियोने होडीवरून शीळ घातली आणि मी त्याला डोळे वटारले. मिम्माने कुणाकडे पाहिलं नाही. ती सरळ पाण्यात गेली, कमरेपर्यंत, मानेपर्यंत, आणि खडकाच्या दिशेने पोहू लागली. मला रडू आवरेना. मी म्हटलं, ती पोहून येईपर्यंत आपण काकांना रस्सा पाजून यावा, म्हणजे तिला घाईने परतायला नको.

घरात गेले तर खिडकी बंद. ऑगस्टच्या उकाड्यात खिडकी बंद. रॉक्कोकाका उताणे पडले होते, डोळे मिटलेले. हनुवटीखालून डोक्यावर नेऊन रुमाल बांधलेला, हातांत जपमाळ गुंडाळलेली, केस विंचरलेले. अंग गार पडलं होतं.

आमच्याकडे माणूस गेला की आधी खिडकी उघडतात, आत्म्याला वाट मिळावी म्हणून. मग ओरडतात. मिम्माने सगळं रीतसर केलं होतं, फक्त या दोन गोष्टी ठेवल्या होत्या.

मी रस्सा ओट्यावर ठेवला, दार ओढून घेतलं आणि उंबऱ्यावर बसले. पाद्रीबाबा आले.

"कसे आहेत काका?"

"झोपलेत," मी म्हटलं. "अगदी शांत झोपलेत. उठवू नका."

कोळीण आली, तिलाही तेच सांगितलं. सणाच्या दिवशी देवाच्या माणसाशी खोटं बोलायला मला जराही जड गेलं नाही. उंबऱ्यावरून समुद्र दिसत होता. खडकाजवळ तिचं डोकं दिसलं, मग ती वर चढून बसलेली दिसली. मी मनात म्हणत होते, बस बाई, हवं तितकं बस, मी संध्याकाळपर्यंत इथून हलत नाही.

पण ती लवकर आली. फारच लवकर. टॉवेल छातीशी घट्ट धरून, ओल्या पायांनी पायऱ्या चढून. मला उंबऱ्यावर बघून थांबली.

"कळलं तुला," ती म्हणाली.

"कधी गेले?"

"पहाटे. मी त्यांचं सगळं केलं, मग मी गेले."

"बरं केलंस. अगं, मग इतक्यात का आलीस? मी बसलेय ना इथं. जा, अजून पोह."

ती आत आली, खुर्चीवर टेकली. केसांतून पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"पाणी छान होतं गं, मेलीना. खडकापर्यंत दम लागला नाही. मग किनाऱ्याला आले, आणि कुठं जायचं तेच कळेना. बायका टॉवेल टाकून पसरल्या होत्या. त्यांना येतं तसं बसता. मला उभंसुद्धा राहता येईना. हात कुठं ठेवायचे, बघायचं कुणाकडे... सगळे माझ्याशी हसत होते. म्हणून घरी आले."

माझा संताप झाला. रॉक्कोवर, तिच्यावर, हंड्यात कपडे उकळणाऱ्या आमच्या सगळ्या आया-आज्यांवर. मी म्हटलं, "मिम्मे, हे वर्ष पाळू नकोस. बाप नव्हता तो. आता कुणी पाळत नाही, शहरात तर आठवड्यात उतरवतात. कोण काय बोलतंय ते मी बघते."

"उतरवून काय घालू?"

तिने हे टोमणा मारायला विचारलं नाही, खरंच विचारलं.

तिने निळा पोशाख उतरवला आणि पिळून दोरीवर टाकला. खुंटीवरचा काळा झगा काढून अंगात चढवला आणि गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली. बटणं लागत गेली तसे तिचे खांदे सैल झाले. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि मला ते आजही बघवत नाही.

मग तिने खिडकी उघडली आणि हंबरडा फोडला. किनाऱ्यावरचे आवाज बंद झाले. साव्हेरियोने होडीवरचं गाणं बंद केलं. ती थांबेना. बापासाठी रडली नव्हती, आईसाठी रडली नव्हती, इतकी रडली. खाली बायकांनी क्रुसाची खूण केली आणि एकमेकींना म्हणाल्या, "काकांवर किती जीव होता गं पोरीचा."