दाजींनी चादर अंथरली ती जागा

फोन आला तेव्हा माझ्या काट्यावर लोखंडी सळयांनी भरलेला ट्रक उभा होता. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. अंबरनाथला आनंदनगरच्या कारखान्यांच्या भागात एका वजनकाट्यावर मी एकोणीस वर्षं बसतो. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन आणि दोन्हींतला फरक, एवढंच माझं काम. फोन बेलवलीहून होता, दाजींच्या समोर राहणाऱ्या वहिनींचा. "प्रकाशभाऊ, असाल तसे या. दाजींच्या घरात गॅसचा भडका उडालाय." मी ट्रकचं वजन पावतीवर लिहिलं, सही केली, ड्रायव्हरच्या हातात पावती दिली आणि मग उठलो. वजन बरोबर लिहिलं होतं का, हे दहा दिवसांनी जाऊन तपासलं. बरोबर होतं. डोकं बधिर झालं तरी हात आपलं काम करत राहतो... तिसऱ्या दिवशी दुपारी दाजी गेले. त्याला आता सहा आठवडे झाले.

दाजी म्हणजे मधुकर, माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. मूळचे नागपूरकडचे. विशीत अंबरनाथला आले आणि एका केमिकल कंपनीत हेल्पर म्हणून लागले, पुढे ऑपरेटर झाले. आम्ही साताऱ्याकडचे, पण वडिलांपासून उल्हासनगर कॅम्प एकमध्ये. ताईला बघायला दाजी पहिल्यांदा आले तेव्हा जिन्यातच थांबून म्हणाले, "वरच्या मजल्यावर कोणी कांदा घालून जाड पोळी भाजून राहिलं का?" वरच्या मजल्यावरच्या सिंधी काकूंकडे खरोखरच कोकी भाजणं चाललं होतं. काकूंनी ते ऐकलं आणि एक कोकी खाली पाठवली. त्या दिवसापासून त्या दाजींना 'जमाईराजा' म्हणू लागल्या. वडील नंतर आईला म्हणाले, "मुलगा बरा आहे, नाक मात्र पोलिसाच्या कुत्र्याचं आहे." हे नाक दाजींना कंपनीतही उपयोगी पडलं. प्लांटमध्ये कुठे बारीक गळती असली तर मीटरच्या आधी दाजींना कळायचं. साहेब लोक म्हणायचे, "मधुकरला फिरवून आणा." हेल्परचे ऑपरेटर झाले ते त्या नाकाच्या जोरावर, असं ते स्वतःच सांगायचे.

दोन हजार चार साली धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आम्ही दोन्ही कुटुंबं मिळून नागपूरला गेलो. दाजींची मुलगी सुजाता धरून एकूण सात माणसं. गर्दीतले दोन दिवस संपल्यावर एक दिवस हातात राहिला. दाजींचा चुलतभाऊ वसंता टॅक्सी चालवायचा. तो म्हणाला, "चला जी, तुम्हाले गोट्यांचे रिंगण दाखवतो. पिकनिक होते." शहर मागे पडल्यावर एका उजाड माळावर त्याने गाडी थांबवली. काळे दगड, काही कमरेएवढे, बरेचसे गुडघ्याएवढे, गोलात मांडलेले. असं एक नव्हे, नजर जाईल तिकडे रिंगणंच होती. मला मोजायची सवय. पहिल्या रिंगणाचा व्यास माझ्या पावलांनी सतरा भरला, दगड एकतीस. काही दगडांवर ओळीने वाटीसारखे खळगे कोरलेले होते, अंगठा बसेल एवढे. माझा धाकटा त्यांत एकेक अंगठा टेकवत निघाला, तेव्हा वसंता म्हणाला, "पोट्टेहो, जरा सांभाळून. याच्या खाली माणसं पुरली आहे. जुन्या काळचे लोक."

ताई जागीच थांबली. "म्हणजे हे मसण आहे? आणि इथे डबे उघडायचे?"

"दोन-अडीच हजार वर्षं झाली त्यांना," दाजी म्हणाले. "सुतक कधीच फिटलं असेल. अन् आपण कुठं सुतक पाळतो?"

"तुम्हाला काय, तुम्ही कुठेही पंगत मांडाल."

"मांडतोच." असं म्हणून दाजींनी काखेतली चादर घेतली आणि रिंगणाच्या आत, एका झुडपाच्या सावलीत अंथरली. तेवढीच सावली होती, म्हणून आम्ही सगळे तिकडे निघालो. चार पावलांवर माझ्या बायकोने पदर नाकाला लावला. मुलं "ई" करून मागे पळाली. काहीतरी सडल्याचा दाट वास होता. वसंता ओरडला, "अबे दादा, उठ ना तिथून. तुह्या मागं कुत्रं मरून पडलं आहे."

दाजी चादरीवर मांडी घालून बसले होते, डब्याचं झाकण उघडत. त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "कुठे?"

कुत्रं त्यांच्या पाठीमागच्या दगडाला लागून होतं. अंतर तीन हातांपेक्षा जास्त नसेल. माशांचा आवाजही येत होता. दाजी उठले, रुमाल काढला, नाकाला लावला, "हो ना, लय वास आहे बाप्पा," म्हणाले आणि सगळे हसले. ताईसुद्धा हसली. "बसले बघा, मढ्याच्या मांडीला मांडी लावून." मी हसलो नाही. वसंताचं ओरडणं आणि दाजींचा रुमाल यांच्यामध्ये बराच वेळ गेला होता. आम्ही नाक धरलं ते पाहून त्यांनी धरलं होतं.

जेवण दुसऱ्या रिंगणात झालं, उन्हात. नंतर बायका आणि मुलं दगड बघायला पुढे गेली तेव्हा मी दाजींना म्हटलं, "डोळे मिटा." त्यांनी का म्हणून विचारलं नाही, मिटले. मी डब्यातला फोडलेला कांदा त्यांच्या नाकाशी धरला. "काय आहे?"

त्यांनी दोनदा श्वास ओढला. "भाकर," ते म्हणाले. मग डोळे उघडून कांद्याकडे बघत राहिले.

दोन वर्षांपासून असं होतं म्हणाले. एकदा मोठी सर्दी झाली, सर्दी गेली आणि वासही गेला. आधी वाटलं येईल परत. कंपनीची वर्षातून एकदा तपासणी व्हायची. रक्त बघायचे, छातीचा फोटो काढायचे, नाकाला वास येतो का हे कुणी विचारत नव्हतं. "मी सांगितलं तर प्लांटमधून काढून गेटवर बसवतील, नाहीतर अनफिट करून घरी. सुजाताचं डिप्लोम्याचं पहिलं वर्ष आहे. दोन वर्षं, प्रकाश. तिचं झालं की मी स्वतः जाऊन सांगतो." मी विचारलं, मग गळती कशी कळते? त्यांनी शर्टाच्या खिशातून एक पुडी काढली. निळा लिटमस कागद होता, शाळेत असतो तसा. ओला करून जोडाजवळ धरायचा. लाल झाला की आम्ल गळतंय. "पोरं हसतात. म्हणतात, मधुकरकाकाचा भोंदू कागद. पण आजवर चुकलो नाही." मी म्हटलं, ताईला तरी सांगा. ते म्हणाले, "तिला सांगितलं की तुझ्या आईला कळेल, आईला कळलं की कॅम्प एकला कळेल, अन् तिथून आमच्या सुपरवायझरला. तो कुठं राहतो ठाऊक आहे ना?" तो आईच्याच गल्लीत राहायचा. मी कबूल केलं. त्या माळावर, मेलेल्यांच्या रिंगणात उभं राहून मी शब्द दिला, आणि शब्द दिला की मी पाळतो.

त्यानंतरची वर्षं मी धास्तीत काढली. त्यांच्या कंपनीच्या भोंग्याची वेळ मला पाठ होती. अवेळी भोंगा वाजला की मी काट्यावरून उठून रस्त्यावर यायचो. पिवळट धूर कुठून निघतोय ते बघायचो. रुग्णवाहिका गेली की कुठल्या कंपनीकडे वळते ते बघायचो. दाजी मात्र मजेत असत. बेलवलीला जेवायला गेलो की ताईच्या रश्श्याचा वाफारा नाकात ओढून म्हणायचे, "वा, आज खोबरं चांगलं भाजलंय." मला माहीत असायचं की त्यांनी आधी ओट्यावरची करवंटी पाहिलेली आहे. एकदा दूध करपून घरभर धूर झाला आणि दाजी बाजूलाच पेपर वाचत बसलेले होते. ताई बाजारातून आली. "अहो, बसल्या बसल्या जळून जाल एक दिवस, पण पेपर सोडणार नाही." दाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळा मारला. मीही त्या दिवशी हसलो...

दोन हजार सहाला सुजाताचा डिप्लोमा झाला. दाजी म्हणाले, तिला नोकरी लागू दे. ती लागली. मग म्हणाले, लग्न होऊ दे. तेही झालं. शेवटी कंपनीने मुदतीआधी निवृत्तीची योजना काढली तेव्हा त्यांनी अर्ज केला आणि मोकळे झाले. निरोप समारंभात पोरांनी त्यांना लिटमस कागदाचा हार घातला, निळा. दाजी स्टेजवरून माझ्याकडे बघून हसले. घरी येऊन मी बायकोला म्हटलं, आज मला झोप लागेल. लागली. त्या दिवसापासून भोंगा वाजला तरी मी जागचा उठलो नाही.

आमची चूक इथे झाली. एवढी वर्षं आम्ही दोघं हे कंपनीचं दुखणं समजत होतो. कंपनी सुटली, म्हणजे दुखणं सुटलं. जे लपवायचं होतं ते ज्यांच्यापासून लपवायचं होतं ती माणसं आता राहिली नव्हती. ताईला सांगायला काहीच हरकत नव्हती. पण न सांगण्याची सवय झाली होती. ते बोलले नाहीत, आणि त्यांनी बोलल्याशिवाय मी बोलायचं नाही, असं मी धरून चाललो.

यंदा सुजाताचं बाळंतपण होतं म्हणून ताई पुण्याला गेली. दाजी बेलवलीला एकटे. अकराव्या दिवशी, रविवारी, मी डबा घेऊन गेलो. त्यांनी हौसेने चहा केला. शेगडीच्या रबरी नळीवर मुदतीचा महिना आणि साल छापलेलं असतं, ते मी वाचलं. मुदत संपून चौदा महिने झाले होते. मी म्हटलं, "दाजी, नळी बदला." ते म्हणाले, "उद्या आणतो. तू चहा पी. साखर बरोबर आहे ना? ते तेवढं कळते मला अजून." मी चहा प्यालो. स्वयंपाकघरात कसलाही वास नव्हता, हे मी खात्रीने सांगतो. माझं नाक शाबूत आहे.

मंगळवारी पहाटे समोरच्या वहिनींना जिन्यात गॅसचा वास आला. त्यांनी दार वाजवलं, "दाजी, गॅस, गॅस!" दाजी उठले असावेत. वहिनी सांगतात, आतून त्यांनी विचारलं, "कुठे?" आणि बघायला म्हणून दिवा लावला.

हा एक शब्द वहिनींनी मला सांगितला तेव्हा तिथे आणखी चार-पाच जण होते. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. झोपेतून उठलेला माणूस असंच विचारतो, असं एक जण म्हणालाही. मला तो माळ दिसला, आणि चादरीवरून वर बघणारा चेहरा.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मी ताईला सगळं सांगितलं. रिंगण, कांदा, दिलेला शब्द, नळीवरचं साल. ती रडली नाही. मग म्हणाली, "दोन वर्षं म्हणाले होते ना? तिसऱ्या वर्षी तू का नाही बोललास?" मी म्हटलं, शब्द दिला होता. ती म्हणाली, "तो दोन वर्षांचाच होता, प्रकाश." मी आयुष्यभर आकड्यांचं काम केलं, आणि एवढी वजाबाकी मला तिच्याकडून ऐकावी लागली.

बेलवलीचं घर काळं झालं आहे, दुरुस्तीला वेळ लागेल. तोवर ताई अंबरनाथला आमच्याकडे आहे. आमच्या शेगडीची नळी नवी आहे, सिलिंडरही बाहेर गॅलरीत आहे. तरी सकाळचा चहा करण्याआधी ताई मला उठवते. तिचं नाक चांगलं आहे, माझ्या बायकोचंही आहे. उठवते मात्र मलाच. मी ओट्यापाशी जातो, वाकून नळीला नाक लावतो, मग रेग्युलेटरला. ताई काडेपेटी हातात धरून उभी असते.

"येतो का?" ती विचारते.

"नाही," मी म्हणतो.

ती थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहते. मग काडी ओढते.